माउंट केनिया : लेनानाचा ट्रेक नीट कसा आखायचा

माउंट केनियाहून परतलेल्या बऱ्याच जणांची तक्रार सारखीच असते. सराव झाला होता, तब्येत ठणठणीत होती, तरी शिप्टन्स कॅम्पला (शिखराआधीचा शेवटचा मुक्काम) पोहोचल्यावर डोकं ठणकायला लागलं, जेवण नकोसं झालं आणि पहाटेची चढाई सोडून द्यावी लागली. थोडं खोदून विचारलं की वेळापत्रक बाहेर येतं : सोमवारी मुंबईहून नैरोबी, मंगळवारी पायथा, बुधवारी ४,२०० मीटरवर मुक्काम, गुरुवारी पहाटे शिखर. इथे फिटनेस कमी पडत नाही, रात्री कमी पडतात.

म्हणून हा लेख क्रमाने वाचा. डोंगराची रचना आधी, तारखा त्यानंतर, विमानाचं तिकीट सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

टप्पा १ : नकाशा उघडा आणि डोंगर समजून घ्या

माउंट केनिया हा मृत ज्वालामुखी आहे. शेवटचा उद्रेक पंचवीस लाख वर्षांपेक्षाही आधीचा. शंकूच्या आकाराचा डोंगर आणि वर गोल विवर असं चित्र मनात असेल तर ते पुसून टाका. मूळ विवर हिमनद्यांनी केव्हाच खरवडून नेलंय. आज दिसतात ते उभे सुळके म्हणजे ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला कठीण दगड. भोवतालचा मऊ भाग झिजला, हा गाभा उरला.

या गाभ्यातली तीन शिखरं लक्षात ठेवा. बाटियन ५,१९९ मीटर, नेलियन ५,१८८ मीटर आणि लेनाना ४,९८५ मीटर. पहिल्या दोन शिखरांवर दोर लावून, तांत्रिक प्रस्तरारोहण करूनच जाता येतं. ट्रेकर जातो तो लेनानावर. एजन्सीच्या जाहिरातीत "माउंट केनिया समिट" लिहिलेलं असतं तेव्हा ते लेनानाच असतं. घरी आणि ऑफिसात सांगतानाही ५,१९९ नका सांगू, कोणीतरी जाणकार भेटतोच.

गाभ्यापासून सगळ्या दिशांना दऱ्या पसरल्या आहेत : उत्तरेकडे मॅकिंडर व्हॅली, पश्चिमेकडे टेलेकी व्हॅली, पूर्वेकडे गॉर्जेस व्हॅली. ट्रेकच्या वाटा बहुतांशी या दऱ्यांतून किंवा त्यांच्या कडेने जातात. दऱ्या लांब आणि सौम्य चढाच्या आहेत, आणि फसगत होते ती त्यामुळेच. पायांना चढ जाणवत नाही, दम लागत नाही आणि संध्याकाळी मोजलं तर नऊशे मीटर वर आलेलो असतो.

आता विषुववृत्त. ही रेषा डोंगराच्या उत्तर उतारावरून जाते, शिखरं तिच्या दक्षिणेला साधारण सोळा-सतरा किलोमीटरवर आहेत. याचा ट्रेकवर थेट परिणाम होतो :

- वर्षभर दिवस बारा तासांचा. सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो, साडेसहाच्या आसपास मावळतो आणि संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो. सहा वाजता "अजून उजेड आहे" म्हणून रेंगाळलात तर पाऊण-एक तासात काळोख.
- इथले ऋतू तापमानाचे नाहीत, पावसाचे आहेत. तापमानाचा खरा चढउतार चोवीस तासांत होतो. चार हजार मीटरवर दुपारी टी-शर्ट चालतो आणि त्याच रात्री पाण्याची बाटली गोठते. वर्षातल्या जवळपास कोणत्याही रात्री.
- सूर्य डोक्यावरून जातो, हवा विरळ असते. कान, मानेची मागची बाजू आणि नाकाच्या खालची बाजू हमखास भाजते.

आणि बर्फ? शिखराजवळ हिमनद्या आहेत खऱ्या, पण झपाट्याने आक्रसताहेत. सगळ्यात मोठी लुईस हिमनदी आता जेमतेम उरली आहे. कोरड्या मोसमात लेनानाची वाट बहुतेक वेळा मुरूम आणि दगडधोंड्यांची असते. पावसानंतर मात्र ताजा बर्फ पडतो आणि तीच वाट निसरडी होते.

सावधान : जुन्या नकाशांत आणि जुन्या लेखांत वाट लुईस हिमनदीवरून काढलेली दिसेल. ती वाट धरू नका. हिमनदी मागे सरकली आहे आणि कडेचे दगड सुटे आहेत.

टप्पा २ : महिना ठरवा

मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. उरतात जानेवारी-फेब्रुवारी आणि जुलै ते सप्टेंबर. जानेवारी-फेब्रुवारीत आकाश जास्त स्वच्छ मिळतं. आपल्याकडच्या सुट्ट्या मात्र दोन्ही पावसांवर बरोबर येऊन बसतात : दिवाळी छोट्या पावसात, एप्रिल-मे मोठ्या पावसात. मुलांच्या शाळेच्या हिशेबाने मे महिना ठरवून, चिखलात चालून, ढगात बसून परत आलेले कमी नाहीत. रजा टाकावी लागली तरी चालेल, पण जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी धरा.

कोरड्या मोसमातही दिवसाचा एक क्रम असतो. पहाट आणि सकाळ स्वच्छ. मग खालच्या जंगलातली दमट हवा वर सरकते आणि दुपारच्या आत शिखरं ढगात जातात. त्यामुळे रोजची चाल सकाळी लवकर सुरू करून दुपारी दोन-तीनपर्यंत संपवा.

टप्पा ३ : वाट निवडा

मुख्य वाटा तीन आहेत.

सिरिमोन वायव्येकडून येते. ही बाजू पर्जन्यछायेत असल्याने कोरडी, चढ सौम्य, आणि मुक्कामासाठी ओल्ड मोझेस व शिप्टन्स इथे पक्क्या झोपड्या. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी चढण्यासाठी हीच घ्यावी.

चोगोरिया पूर्वेकडून येते. तिन्हींत देखणी : गॉर्जेस व्हॅलीचे कडे, तळाशी लेक मायकेलसन, वर हॉल टार्न्सची तळी. पण इकडे पाऊस जास्त आणि वरच्या भागात तंबूतच राहावं लागतं. उतरण्यासाठी उत्तम.

नारो मोरू पश्चिमेकडून येते. सगळ्यात जवळची, म्हणून सगळ्यात जास्त विकली जाणारी आणि माझ्या मते चढण्यासाठी सगळ्यात वाईट. मेट स्टेशनच्या (३,०५० मीटर) वर "व्हर्टिकल बॉग" नावाचा उभा दलदलीचा पट्टा लागतो. गवताच्या एका गड्ड्यावरून दुसऱ्यावर पाय टाकत जायचं, चुकला की घोट्याच्या वरपर्यंत काळा चिखल. दुसऱ्याच दिवशी ४,२०० मीटरवरच्या मॅकिंडर्स कॅम्पला पोहोचवणारी चार दिवसांची स्वस्त पॅकेजेस याच वाटेची असतात.

थोडक्यात : चढा सिरिमोनने, उतरा चोगोरियाने.

तपासा : एजन्सीकडून दिवसवार आराखडा लेखी मागा आणि त्यात रोजच्या मुक्कामाची उंची मीटरमध्ये लिहून घ्या. "दिवस ३ : कॅम्पकडे प्रस्थान" एवढंच लिहून देणाऱ्याला पैसे पाठवू नका.

टप्पा ४ : कागदपत्रं आणि लस, या क्रमाने

१. पीतज्वराची लस. ही आधी घ्या, निघण्याच्या निदान महिनाभर आधी. केनियाहून भारतात उतरताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र मागितलं जातं, आणि ते नसेल तर विलगीकरणात राहावं लागू शकतं. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, त्यानंतर आयुष्यभर चालतं. ही लस कुठल्याही दवाखान्यात घेऊन चालत नाही, सरकारने मान्य केलेल्या केंद्रातच घ्यावी लागते. मुंबई-पुण्यात अशी केंद्रं आहेत, पण वार आणि नोंदणीचे नियम ठरलेले असतात, आधी चौकशी करा. अंड्याची ॲलर्जी, गरोदरपण, साठीच्या पुढचं वय किंवा प्रतिकारशक्तीचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

२. ईटीए. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी सुरू केली आहे. अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावरून करा. हुबेहूब दिसणारी दलालांची संकेतस्थळं दुप्पट पैसे घेतात.

३. विमा. साध्या प्रवास विम्यात ट्रेकिंगची उंची मर्यादित असते. पॉलिसीत "५,००० मीटरपर्यंत ट्रेकिंग" आणि "हेलिकॉप्टरने सुटका" हे दोन्ही स्पष्ट लिहिलेलं हवं. लेनाना ४,९८५ असल्याने या मर्यादेत जेमतेम बसतं.

४. उद्यानाचं शुल्क आणि गाइड. हे राष्ट्रीय उद्यान केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिसच्या ताब्यात आहे. शुल्क ऑनलाइन भरायचं, गेटवर रोख चालत नाही. एकट्याला वर सोडत नाहीत, गाइड घ्यावाच लागतो. दर बदलत असतात, निघण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर पाहून एजन्सीच्या बिलाशी ताडून बघा.

याला जोडून किलिमांजारो करणार असाल तर केनिया आधी आणि किलिमांजारो (५,८९५ मीटर) नंतर. टांझानियाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. तीन देशांचा मिळून जो पूर्व आफ्रिका पर्यटन व्हिसा मिळतो, त्यात टांझानिया नाही.

टप्पा ५ : शरीराची तयारी

दर शनिवार-रविवार सह्याद्रीत भटकणाऱ्याला चालण्याची भीती नाही. राजगड-तोरणा एका दमात करणारा माणूस लेनानाचं अंतर सहज काटतो. पण सह्याद्री उंचीची सवय लावू शकत नाही. कळसूबाई १,६४६ मीटर आहे. नैरोबी शहर त्याहून उंचावर वसलंय. आपलं सर्वोच्च शिखर जिथे संपतं, तिथे या ट्रेकची सुरुवातही झालेली नसते.

म्हणून सराव दोन गोष्टींसाठी करा. एक, पाठीवर सहा-सात किलो घेऊन सलग सहा-सात तास चालणं. दोन, उतरणं. लेनानावरून खाली येताना एकाच दिवसात दीड हजार मीटरच्या आसपास उतरावं लागतं आणि गुडघे तिथे बोलतात. जिने चढायचा सराव सगळे करतात, लिफ्ट टाळून उतरायचा कोणी करत नाही.

उंचीच्या त्रासावरचं औषध डायमॉक्स (ॲसिटाझोलामाइड) घ्यायचं की नाही, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. प्रतिबंधासाठी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी हे आधी सांगायलाच हवं. घरी असताना एखादी गोळी घेऊन पाहा. बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावं लागतं, हे वर जाऊन पहिल्यांदा कळायला नको. आणि गोळी चालू आहे म्हणून मुक्कामाची एक रात्र कमी करायची नाही.

टप्पा ६ : सामान

यादी इंटरनेटवर ढिगाने मिळते. मी फक्त जिथे चुकतं तेवढंच सांगतो.

प्लॅस्टिकच्या पिशव्या : केनियात २०१७ पासून बंदी आहे आणि २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकवरही. आपल्याला प्रत्येक कपडा वेगळ्या कॅरीबॅगेत भरायची सवय. ती मोडा. कापडी पिशव्या आणि एक-दोन ड्राय बॅग घ्या. पाण्याच्या विकतच्या बाटल्याही नकोत, पक्क्या दोन बाटल्या न्या.

स्लीपिंग बॅग : उणे दहा अंशांत आरामात झोपता येईल अशी. झोपडीत बंक आणि गादी असली तरी खोल्या गरम केलेल्या नसतात.

बूट : नवे नकोत. चोगोरियाने उतरणार असाल किंवा पावसाची शक्यता असेल तर गेटर्स (बुटावरून पोटरीपर्यंत चढवायची आवरणं) घ्या. ताज्या बर्फासाठी मायक्रोस्पाइक्स (बुटाखाली बसवायचे छोटे खिळे) लागतील का, ते गाइडला निघण्याच्या आठवड्यात विचारा.

बॅटरी : फोन, पॉवर बँक आणि हेडलॅम्पचे सेल रात्री स्लीपिंग बॅगमध्ये स्वतःजवळ ठेवा. थंडीत चार्ज उतरतो.

खाणं : शाकाहारी असाल तर एजन्सीला आधी कळवा. भात, चपाती, भाज्या, मूग सहज मिळतात. डाळीची अपेक्षा ठेवताना एक लक्षात घ्या, ४,२०० मीटरवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. डाळ तासभर शिजवली तरी दाताखाली कच्ची लागते आणि भाताची कणी तशीच राहते. वर मूग किंवा मसूर बरे, तूरडाळ नको. बरोबर मेतकूट, लिंबाचं लोणचं, चिक्की आणि भाजलेले शेंगदाणे ठेवा. उंचीवर गोडाधोडाचा कंटाळा येतो, तेव्हा आंबट-खारटच घशाखाली उतरतं.

टप्पा ७ : रात्री मोजा

सगळ्या लेखातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग. दिवसा किती उंच गेलात याला फारसं महत्त्व नाही, कुठे झोपलात याला आहे. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वमान्य दंडक आहे. या डोंगरावर झोपड्यांच्या जागा त्या दंडकात बसत नाहीत. ओल्ड मोझेस ३,३०० वर आणि पुढची झोपडी शिप्टन्स थेट ४,२०० वर. त्यावर उपाय म्हणजे दोन्ही ठिकाणी दोन-दोन रात्री.

दिवस १ : नैरोबीहून गाडीने नान्युकी, सुमारे दोनशे किलोमीटर. मुक्काम १,९५० मीटरच्या आसपास. आल्या दिवशीच थेट गेटवर जायचा मोह टाळा.

दिवस २ : सिरिमोन गेट (२,६५० मीटर) ते ओल्ड मोझेस (३,३०० मीटर), नऊ किलोमीटर. जंगलातून जाणारा रस्ता आहे. हत्ती आणि रानम्हशी याच पट्ट्यात असतात, गाइडच्या पुढे जाऊ नका.

दिवस ३ : मुक्काम ओल्ड मोझेसलाच. सकाळी ३,७००-३,८०० मीटरपर्यंत चढून जा, तासभर बसा, दुपारी परत. स्वस्त पॅकेजमध्ये सगळ्यात आधी कापला जातो तो हाच दिवस.

दिवस ४ : ओल्ड मोझेस ते शिप्टन्स (४,२०० मीटर), चौदा किलोमीटर, सहा-सात तास. ओंटुलिली आणि लिकी नॉर्थचे ओढे ओलांडून मॅकिंडर व्हॅलीत शिरता. तंबू असेल तर लिकी नॉर्थला (सुमारे ४,००० मीटर) एक रात्र आणखी जोडता येते.

दिवस ५ : मुक्काम शिप्टन्सलाच. सकाळी सिम्बा कोल या खिंडीच्या दिशेने ४,५००-४,६०० पर्यंत जाऊन या. उरलेला वेळ खाणं, पाणी, झोप. सकाळी उजाडायच्या वेळी एकदा बाहेर येऊन जायंट ग्राउंडसेल नीट बघा. माणसाहून उंच झाडाच्या शेंड्याला कोबीसारखा पानांचा गड्डा असतो आणि थंडीत कोंब वाचवायला ती पानं रात्री मिटलेली असतात. ऊन लागलं की हळूहळू उलगडतात. जमिनीत सुईसारखे उभे बर्फाचे काटे मातीचा थर वर उचलून धरतात, पाय पडला की कुरकुर वाजतं. या मातीचा संबंध पुढच्या टप्प्याशी आहे.

तपासा, रोज संध्याकाळी : डोकं दुखतंय का, जेवण गेलं का, लघवी स्वच्छ आणि भरपूर होते का. डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा फार थकवा असेल तर उंची वाढवायची नाही. सकाळपर्यंत उतार नसेल तर खाली जायचं. कोविडपासून घराघरात ऑक्सिमीटर आलंय आणि ते हमखास बरोबर येतं. आकडा घरच्यापेक्षा कमी दिसणारच. त्यापेक्षा जोडीदाराची चाल बघा.

सावधान : एका सरळ रेषेत टाचेला पंजा लावत दहा पावलं चालता येत नसतील, माणूस असंबद्ध बोलत असेल किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येत असेल, तर ती रात्र तिथे काढायची नाही. अंधार असला तरी लगेच खाली. नैरोबीपासून रस्ता इतका वरपर्यंत येतो की या डोंगरावर फुप्फुसात पाणी होण्याचे प्रकार घडत आले आहेत, आणि तरुण, दमदार माणसं त्यातून सुटत नाहीत.

टप्पा ८ : शिखराची पहाट

निघायचं पहाटे अडीच-तीनला. लोकांना वाटतं ते फक्त सूर्योदयासाठी. दुसरं कारण जास्त कामाचं आहे. शिप्टन्सच्या वरचा चढ सुट्या मुरमाचा आहे. रात्री गोठल्यावर तो घट्ट असतो, पाय धरतो. ऊन लागलं की सैल होतो आणि दोन पावलं चढलं की एक पाऊल घसरतं. शिवाय दुपारच्या आत ढग येतात ते वेगळेच.

उठल्यावर गरम पाणी आणि बिस्किटं पोटात गेली पाहिजेत, भूक नसली तरी. बाटली पिशवीत उलटी ठेवा, बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो, झाकण मोकळं राहतं. सुरुवातीला थोडं थंड वाटेल एवढेच कपडे घाला. जाड जॅकेट घालून चढलात तर घाम येतो आणि थांबलात की तोच घाम गारठवतो.

चढ साधारण आठशे मीटरचा, तीन ते पाच तास. हॅरिस टार्नच्या वर शेवटी दगडांचा भाग आहे, तिथे लोखंडी शिड्या आणि दोर बसवले आहेत. मोजे जाड असले तरी चालतील, पण हातमोजे पकड घेता येईल असे हवेत. गोठलेल्या लोखंडाला उघडा हात लावू नका.

परतीची वेळ आधीच ठरवा. सकाळी नऊला जिथे असाल तिथून मागे, शिखर वीस मिनिटांवर दिसत असलं तरी.

वर अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबू नका. समोर बाटियन आणि नेलियन, खाली लुईस हिमनदीचा उरलेला तुकडा, आणि हवा चांगली असेल तर दक्षिणेला किलिमांजारो. फोटो आधी काढा, ढग वाट बघत नाहीत.

टप्पा ९ : उतरणं

लेनानावरून उतरताना पूर्वेकडे वळून मिंटोज कॅम्प, हॉल टार्न्स आणि गॉर्जेस व्हॅलीच्या कडेने खाली. थेट चोगोरिया गेटपर्यंत (सुमारे २,९५० मीटर) एकाच दिवसात उतरवणाऱ्या एजन्सी आहेत. पहाटे तीनपासून चालत असलेल्या माणसाला ते जड जातं. लेक एलिसजवळ मुक्काम करा.

हॉल टार्न्सपाशी कड्याच्या टोकावर जाऊन लेक मायकेलसनचे फोटो काढायची हौस सगळ्यांना असते. ढग आला असेल तर कडा दिसतच नाही. वाटेवरच राहा.

गेटपासून चोगोरिया गावापर्यंत जंगलातला सुमारे तीस किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे. पाऊस झाला की फोर बाय फोर गाडीसुद्धा रुतते. त्यामुळे परतीचं विमान त्याच रात्रीचं घेऊ नका, एक दिवस मोकळा ठेवा.

गाइड आणि पोर्टरची टिप शिलिंगमध्ये, प्रत्येकाच्या हातात, सगळ्यांसमोर द्या. आणि पीतज्वराचं पिवळं पुस्तक चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. मुंबईला उतरल्यावर बॅग मिळायच्या आधीच ते दाखवावं लागतं.